वाहन कोणाचे, रस्ता कोणाचा?

(वर्धा येथील एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय मोटार हा आहे. समाजवादी अभ्यासवर्गात, तेही वर्ध्यात, मोटारीवर बोलले जावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु वर्धा आणि मोटार यांचा संबंध बराच जुना आहे. जमनालाल बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर चालविली जात असे आणि इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात म्हणून गांधीजी तिला थट्टेने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, अशी आठवण या गावात सांगितली जाते. खुद्द हेन्री फोर्ड यांनी १९४१ साली गांधीजींना आदर व्यक्त करणारे पत्र लिहिले. गांधीजींनी त्यांना आपली सही असलेला चरखा पाठविला आणि तो फोर्ड यांच्या संग्रहात जाऊन पोचला. जगातील एका बड्या मोटार कारखानदाराने सेवाग्रामकडे पाहिले आणि सेवाग्रामने त्याला उलट चरखा धाडला, या घटनेत केवळ सौजन्य होते असे नाही. यंत्र माणसासाठी की माणूस यंत्रासाठी, हा प्रश्न त्या चरख्याबरोबर गेला होता.

गांधीजी यंत्राचे सरसकट शत्रू होते हा समज चुकीचा आहे. १९२४ सालच्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. मग ते यंत्र बनविणारे कारखाने लागतील, त्यांचे काय, असे विचारल्यावर, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा सरकारच्या नियंत्रणाखाली असावेत असे म्हणण्याइतका समाजवादी आपण आहोत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शिवणयंत्राला लावलेली ही कसोटी स्कूटरला, मोटारीला आणि बसगाडीला लावून पाहावी, एवढाच या व्याख्यानाचा उद्देश आहे.

प्रारंभ मोटारींच्या शौकिनापासून करणे योग्य होईल. तो प्रत्येक गावात असतो. वर्तमानपत्रातील अग्रलेखाआधी तो नव्या गाडीची बातमी वाचतो. एंजिन किती शक्तीचे, लिटरमागे किती किलोमीटर, तळ जमिनीपासून किती उंच, सुटे भाग नागपूरलाच मिळणार की वर्ध्यात, पाच वर्षांनी विकली तर काय येईल, हे त्याचे प्रश्न असतात. पुरोगामी मंडळी या माणसाकडे काहीशा तुच्छतेने पाहतात. ते बरोबर नाही. एखाद्या वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहणारा आणि जाहिरातीवर सहसा विश्वास न ठेवणारा ग्राहक हा चांगला नागरिक होऊ शकतो. आजच्या गाड्यांविषयीची त्याची मतेही दखल घेण्यासारखी आहेत. गाड्या उगाच उंच आणि अवजड होत चालल्या आहेत, असे तो म्हणतो, आणि ते खरे आहे. २०२४-२५ या वर्षी देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक या उंच, अवजड वर्गातल्या होत्या. लहान, स्वस्त मोटार मागे पडत गेली, ही त्याची दुसरी तक्रार. पूर्वी रस्त्याकडेचा मिस्त्री पाना-पकड घेऊन जी गाडी चालती करी, तिला आता संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही, ही तिसरी. तिन्ही तक्रारी रास्त आहेत.

मात्र हा शौकीन ज्या प्रश्नांपाशी थांबतो, तेथून अर्थशास्त्राचे प्रश्न सुरू होतात. ही गाडी कोणाला मिळते? ती ज्या रस्त्यावरून धावते त्याचा खर्च कोण सोसतो? तिच्यावरचा कर कोणी ठरविला आणि कोणाच्या सोयीने? आणि जो तिच्यात कधीच बसणार नाही, त्याच्या वाट्याला काय येते? ही चार उत्तरे मिळाल्यावाचून नव्या गाडीची बातमी पुरी होत नाही.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी वर्ध्याहून फार दूर जावे लागत नाही. भारतातील मध्यमवर्गाचे वाहन ज्या घराण्याने बनविले, ते घराणे याच गावचे. जमनालालजींचे निधन ११ फेब्रुवारी १९४२ रोजी झाले. स्कूटरशी त्यांचा काही संबंध आला नाही. त्यांना दत्तक घेणाऱ्या घराण्यातील शेठ बच्छराज यांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. १९४८ पासून तिने दुचाकी व तीनचाकी वाहने परदेशातून आणून विकण्यास प्रारंभ केला. १९५९ साली ती देशात बनविण्याचा परवाना मिळाला, १९६० साली कंपनी सार्वजनिक भागभांडवलाची झाली आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डीस व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज हे या काळात वर्धा मतदारसंघाचे लोकसभा सदस्य होते. १९५७ पासून लागोपाठ तीन वेळा ते निवडून आले. १९७१ साली पियाजिओबरोबरचा करार संपला व सरकारने त्यास मुदतवाढ दिली नाही. तेव्हा १९७२ पासून तीच स्कूटर राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करून ‘चेतक’ या नावाने बाजारात आली.

चेतकचे यांत्रिक गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत. पत्रा भक्कम, एंजिन एका बाजूला, गियर हाताच्या मुठीत, पुढे सामान ठेवण्यास जागा आणि मागे एक जादा चाक. सकाळी सुरू झाली नाही तर ती एका अंगाला कलती करून पुन्हा किक मारावी लागे. शिक्षक, कारकून, बँकेतला रोखपाल, कापसाचा अडत्या यांचे संसार या वाहनावर चालले. नवरा, बायको आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब एका स्कूटरवर बसलेले दिसे. या दृश्याकडे कौतुकाने पाहण्याची पद्धत आहे. त्यात धोका होता आणि बस वेळेवर न येण्याची कबुलीही होती, हे मात्र सहसा बोलले जात नाही.

आता या कथेतील अप्रिय भागाकडे वळले पाहिजे. स्कूटर हवी असणाऱ्याने पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी स्थिती होती. दहा वर्षांपर्यंत नंबर न लागल्याची उदाहरणे होती. मोटारींची विक्री व वाटणी १९५९ च्या, तर स्कूटरची १९६० च्या नियंत्रण-आदेशाने बांधलेली होती. किती वाहने बनवावयाची ते परवान्याने ठरे, काय दराने विकावयाची ते सरकार ठरवी. मागणी मात्र कोणत्याच आदेशाला जुमानत नव्हती. परिणाम काय झाला? नंबर लागलेला मनुष्य हाती आलेली गाडी ‘ऑन’ घेऊन दुसऱ्यास विकू लागला. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे. ज्याचा नातलग परदेशी, त्याची रांग वेगळी; ज्याची ओळख मंत्रालयात, त्याचीही वेगळी. नियंत्रित किंमत आणि बाजारातील खरी किंमत यांतील फरक सरकारच्या तिजोरीत गेला नाही, कामगाराच्या पगारात गेला नाही, नव्या एंजिनाच्या संशोधनातही गेला नाही. तो मध्यस्थाच्या खिशात गेला.

समाजवाद्यांनी याविषयी प्रांजळपणे बोलण्याची वेळ येऊन फार दिवस झाले. ही रांग समाजवादाची होती असे त्याचे विरोधक आजही सांगतात, आणि समाजवाद्यांपैकी पुष्कळजण त्यावर गप्प राहतात. वस्तुस्थिती अशी की टंचाई निर्माण करून ती ओळखीपाळखीने वाटणे याचे नाव समाजवाद नव्हे. चळवळीने त्या काळात मारुती प्रकरण धसास लावले, हे तिचे श्रेय आहे. पंतप्रधानांच्या चिरंजिवांना मोटार बनविण्याचे इरादापत्र कसे मिळाले, हा प्रश्न मधु लिमये आणि इतर विरोधी सदस्यांनी लोकसभेत सातत्याने लावून धरला. पुढे जनता राजवटीत न्यायमूर्ती गुप्ता आयोगाने त्याची चौकशी केली. परवाना कोणाला मिळाला, हा प्रश्न अशा रीतीने निर्भीडपणे विचारला गेला. परंतु परवाना मुळात इतक्याच गाड्यांचा का, आणि सामान्य माणसाला वाहन लागते हे मान्य करण्यात समाजवाद्याला संकोच का, हे प्रश्न विचारले गेले नाहीत. परवान्याहून अधिक स्कूटर बनविल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी त्याची तयारी आहे, असे राहुल बजाज सांगत असत. या वाक्याला टाळ्या पडत, याची कारणे समाजवाद्यांनी समजून घ्यावयास हवी होती.

दुसरी वाट अगदीच नव्हती असेही नाही. १९७५ साली सातारा येथे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या संयुक्त भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली आणि तिची ‘प्रिया’ ही स्कूटर घरोघर पोचली. सार्वजनिक भांडवल, मागास भागातील कारखाना आणि उपयोगी वस्तू यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. परंतु तो अपवाद राहिला. पुढे त्या कंपनीचे स्कूटर बनविणे थांबले आणि महामंडळाचा हिस्साही २०१९ साली बजाजकडे गेला.

१९९१ नंतर चित्र पालटले. परवाना गेला, रांग गेली. २०२४-२५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. शोरूममध्ये सकाळी गेलेला मनुष्य संध्याकाळी गाडी घेऊन घरी येतो. या बदलाने जे दिले ते नाकारण्यात अर्थ नाही. हिंगणघाट तालुक्यातील दूधवाला दोन ऐवजी चार गावे करू शकतो. अंगणवाडीत काम करणारी बाई बसची वाट न पाहता केंद्रावर पोचते. स्त्रीने स्वतः वाहन चालविणे ही गोष्ट लहान गावातही आता नवलाची राहिलेली नाही, आणि ही सामाजिक प्रगतीच आहे.

परंतु रांग गेली म्हणजे विषमता गेली असे झाले नाही. पूर्वी माणूस गाडी मिळण्यापूर्वी वाट पाहत असे, आता गाडी मिळाल्यानंतर हप्ते फेडतो. कापूस व सोयाबीन यांच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, त्याला दरमहा ठरल्या तारखेला हप्ता भरावा लागतो. हंगाम दिवाळीच्या आसपासचा, आणि हप्ता बारमाही! उद्योगातही स्थिती पालटली. आकुर्डीचे उत्पादन २००७ साली थांबले, कारखाने अन्यत्र वाढले आणि वाहन उद्योगात एकंदरीने कायम कामगारांच्या जागी कंत्राटी व प्रशिक्षणार्थी कामगारांचा भरणा होत गेला. गाडी बनविणाऱ्या हातांना ती विकत घेण्याइतका व टिकाऊ पगार मिळावा, हा फोर्ड यांच्या काळचा विचारही येथे पुरतेपणी स्वीकारला गेला नाही.

ज्याच्याकडे दुचाकी नाही, त्याची रांग तर हललीच नाही. ती एसटीच्या थांब्यावर आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. विदर्भात त्यापूर्वीची सी. पी. टी. एस. ही सरकारी बससेवा होती व ती पुढे राज्य परिवहनात विलीन झाली. पुलगाव ते आर्वी ही कापूस वाहणारी अरुंद मापाची रेल्वे बंद पडली, तेव्हा त्या भागाला उरली ती बसच. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, तळेगाव या आगारांतून सुटणारी गाडी म्हणजे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाणारा रोगी, महाविद्यालयात जाणारी मुलगी, कचेरीत खेटे घालणारा शेतकरी. करोनापूर्वी राज्यात १८ हजारांच्या आसपास असलेला एसटीचा ताफा नंतरच्या वर्षांत १५ हजारांच्या घरात उतरला. २०२१ च्या अखेरीपासून काही महिने चाललेल्या संपाच्या काळात खेड्यांतील प्रवाशाने काळी-पिवळी धरली किंवा कर्ज काढून दुचाकी घेतली. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली, तेव्हा गाड्या स्त्रियांनी भरून गेल्या. सवलत दिली की गर्दी होते, याचा अर्थ एवढाच की त्या स्त्रिया आधी घरी बसत होत्या किंवा पायी जात होत्या. मात्र सवलतीबरोबर गाड्या वाढल्या नाहीत, आणि २५ जानेवारी २०२५ पासून भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. भाडेतत्त्वावर ५,१५० विजेच्या बसगाड्या घेण्याचा करार झाला होता. त्या ठरल्या वेळात आल्या नाहीत.

येथे करांचा प्रश्न येतो आणि या व्याख्यानाचा गाभाही तोच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. लहान मोटारी आणि ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. बसगाडीवरील करही २८ वरून १८ झाला. सायकल १२ वरून ५ वर आणि ट्रॅक्टरही १२ वरून ५ वर आला. हे सर्व स्वागतार्ह आहे. मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर लागला. पूर्वी अधिभार धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जात असे, म्हणजे तेथेही सवलतच मिळाली. विजेच्या मोटारीवरील कर मात्र पूर्वीप्रमाणे ५ टक्के राहिला, मग तिची किंमत दहा लाख असो की एक कोटी.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. साठ लाख रुपयांची विजेची मोटार घेणारा धनिक सरकारला तीन लाख रुपये देतो. त्याच किमतीची मोठी पेट्रोल मोटार घेतली असती तर त्याला चोवीस लाख द्यावे लागले असते. म्हणजे समाजाने त्याच्यासाठी एकवीस लाख रुपये सोडून दिले. साध्या बसगाडीची किंमत चाळीस लाखांच्या आसपास धरली तर अशा दोन मोटारींवर सोडलेल्या करात एक बसगाडी येते. आणि खेड्यात जाणारी ती डिझेलची बसगाडी विकत घेताना मात्र १८ टक्के कर भरावा लागतो! राज्य सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के वाहनकर सुचविला होता. त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. पेट्रोलवर चालणारी साधी दुचाकी घेणाऱ्याला मात्र दहा-बारा टक्क्यांचा वाहनकर भरावाच लागतो. एसटीच्या तिकिटातून तर वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर कापला जात आला. कराचा भार ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे असावा, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते. येथे ते उलटे टांगलेले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल व तो विचारात घेण्यासारखा आहे. विजेचे वाहन धूर सोडत नाही, नवे तंत्र प्रथम श्रीमंतच घेतात, त्यांच्या खरेदीतून ते स्वस्त होते आणि मग गरिबांपर्यंत पोचते, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. परंतु मग सवलत बॅटरीला द्यावी, तीनचाकीला द्यावी, एक लाखाच्या घरातील दुचाकीला द्यावी, बसला तर अवश्य द्यावी. साठ लाखांच्या मोटारीला ती देण्याने तंत्र स्वस्त होत नाही, फक्त मोटार स्वस्त होते. विजेच्या बसलाही ५ टक्केच कर आहे हे खरे. पण ती बस येईपर्यंत आर्वी-कारंजाच्या प्रवाशाला ज्या डिझेल बसमधून जावयाचे, तिच्यावर दंड कशासाठी?

रस्त्याचीही गोष्ट अशीच आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण झाला. या जिल्ह्यातील सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांची जमीन त्यात गेली. या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, तीनचाकीला मज्जाव आहे, ट्रॅक्टरलाही मज्जाव आहे. वेगाचा विचार करता हा नियम सुरक्षिततेचा आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु त्याचा अर्थ असा की ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, त्याच्या मालकीचे कोणतेही वाहन त्या रस्त्यावर चढू शकत नाही. वर्ध्याच्या घराण्याने बनविलेल्या स्कूटरला वर्ध्यातून जाणारा सर्वांत मोठा रस्ता बंद आहे. विजेच्या मोटारीला मात्र या रस्त्यावर पथकर माफ करण्याचे धोरण २०२५ साली जाहीर झाले. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे जळून गेली, त्यांत वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. ती मोटारीचे मालक नव्हती. पुण्याला नोकरी-शिक्षणासाठी निघालेल्या साध्या घरांतील ती मुलेमाणसे होती. रस्ता वेगवान झाला, पण सामान्य प्रवाशाची गाडी सुरक्षित झाली नाही.

देशातील रस्ते अपघातांत २०२३ साली १ लाख ७२ हजारांवर माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के दुचाकीवरील होती आणि सुमारे २० टक्के पायी चालणारी. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास दोघांना मोटारीची पत्र्याची भिंत लाभलेली नव्हती. आता पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्याप्रमाणे ८०२ किलोमीटरचा, शक्तिपीठ महामार्ग आखला गेला आहे आणि कोल्हापूर व इतर जिल्ह्यांतील शेतकरी त्यास विरोध करीत आहेत. जमिनीचे दान मागणारे विनोबा जेथे राहिले, त्या गावापासून जमिनीच्या सक्तीच्या संपादनाची रेघ सुरू व्हावी, याची खंत वर्धेकरांनी तरी बाळगावयास हवी.

विजेच्या वाहनाविषयी अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण वाहन उद्योगाच्या आजच्या बातम्या बव्हंशी त्याच आहेत. जानेवारी २०२० मध्ये चेतक पुन्हा आली, पत्र्याच्याच अंगाने पण पेट्रोलशिवाय. आणि २०२२ साली आकुर्डीच्या जुन्या आवारात तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. शौकिनाच्या दृष्टीने गाडी चांगली आहे. आवाज नाही, गियर नाही, घरच्या विजेवर भरता येते. तिला कलती करावी लागत नाही. परंतु मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांची कसोटी येथे उपयोगी पडते. निसर्गाच्या रोजच्या प्रवाहातून मिळणाऱ्या संपत्तीवर चालणारी एक अर्थव्यवस्था आणि साठ्यातून उपसलेल्या संपत्तीवर चालणारी दुसरी, असा भेद त्यांनी केला. दुसरीच्या पोटी स्पर्धा आणि युद्ध आहे, असे ते सांगत. पेट्रोलविषयी हे खरे ठरले. विजेचे वाहन पहिल्या प्रकारात बसते काय? वीज सूर्याची असेल तर बऱ्याच अंशी बसते. ती चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाची असेल तर नाही. आणि त्यातील मोटरच्या चुंबकांना लागणारी दुर्मीळ खनिजे तर साठ्यातलीच, तीही मुख्यत्वे एका देशाच्या हातातली. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच चेतकचे उत्पादन अडचणीत आले. तेलासाठी आखाताकडे पाहण्याऐवजी चुंबकासाठी चीनकडे पाहावे लागत असेल, तर त्याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

दुसरी चिंता मिस्त्रीची. वर्धा शहरात आणि तालुक्याच्या प्रत्येक गावी रस्त्याकडेला दुचाकी दुरुस्त करणारी दुकाने आहेत. तेथील कारागीर शाळेत फारसा शिकलेला नसतो, पण एंजिनचा आवाज ऐकून दोष सांगतो. विजेच्या गाडीत फिरणारे भाग थोडे असतात, आणि जे बिघडते ते कंपनीचा माणूस संगणक लावून पाहतो. डॉ. लोहियांनी लहान घटकाच्या यंत्राचा आग्रह धरला, त्याचे एक कारण असे की ते यंत्र साध्या माणसाच्या ताब्यात राहावे. हे तंत्र कारागिराच्या हातातून काढून कंपनीच्या हाती देणारे होऊ नये, यासाठी आजच काही केले पाहिजे.

काय करता येईल? मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतील एकही अशक्य नाही. करांचे दर वाहन किती माणसांना नेते आणि ते घेणाऱ्याची ऐपत काय, यावर ठरावेत. बसगाडी कोणत्याही इंधनाची असो, तिच्यावरील कर सायकलइतकाच असावा, आणि तीस लाखांवरील मोटार, विजेची असो वा पेट्रोलची, वरच्या दरातच असावी. एसटीच्या तिकिटावरील प्रवासी कर कायमचा रद्द व्हावा. प्रत्येक द्रुतगती महामार्गाच्या पथकराचा ठरावीक भाग त्याच जिल्ह्यांतील गावरस्त्यांवर आणि बसफेऱ्यांवर खर्च व्हावा, म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांना रस्त्याचा काही उपयोग होईल. विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीची माहिती व सुटे भाग खुल्या बाजारात देण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे आणि प्रत्येक तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चालू मिस्त्रींसाठी रात्रीचे वर्ग निघावेत. बजाज घराण्याच्या पूर्वजाने विश्वस्तवृत्तीचा विचार याच गावात गांधीजींकडून ऐकला होता. आज विश्वस्तवृत्ती घराण्यांच्या सदिच्छेवर सोडण्यापेक्षा ती कायद्यात आणि कराच्या दरांत उतरविणे अधिक भरवशाचे आहे.

मोटारींच्या शौकिनाशी समाजवाद्यांचे भांडण असण्याचे कारण नाही. त्याने नव्या गाडीची परीक्षा अवश्य करावी आणि ती कठोरपणे करावी. फक्त त्याच कठोरपणाने त्याने आपल्या गावच्या एसटीचीही परीक्षा करावी. आसने कशी आहेत, पत्रा गळतो काय, टायर गुळगुळीत झाले आहेत काय, फेरी वेळेवर सुटते काय, गावात रात्री येऊन थांबणारी मुक्कामी गाडी अजून येते की केव्हाच बंद झाली, हे त्याने पाहावे आणि लिहावे. ज्या दिवशी मुक्कामी गाडी पुन्हा सुरू झाल्याची बातमी नव्या मोटारीच्या बातमीइतक्याच औत्सुक्याने वाचली जाईल, त्या दिवशी या देशातील वाहन उद्योगाचा प्रश्न योग्य माणसांच्या हाती आला असे म्हणता येईल. त्यासाठी मागणी करावी लागेल, आगारप्रमुखापासून अर्थमंत्र्यापर्यंत अर्ज करावे लागतील आणि प्रसंगी थांब्यावर बसून सत्याग्रहही करावा लागेल. वर्ध्याला सत्याग्रह नवा नाही.